सुरकुत्या रोखायला या राजाकडे मशीन नव्हतं, होते ते फक्त सूर्यनमस्कार

दिवा-रोहा मेमूमध्ये बसून तुम्ही रील्स बघताय. पेण येईपर्यंत किमान दोन जाहिराती तरी येऊन गेलेल्या असतात. एकीत बाईच्या अर्ध्या चेहऱ्यावरून एक मशीन फिरतं आणि तो अर्धा चेहरा घट्ट दिसायला लागतो. दुसरीत गळ्याची लोंबणारी कातडी तीन सिटिंगमध्ये ताणून देऊ, कुठेही कट नाही, टाका नाही, असा शब्द दिलेला असतो. एकदा चुकून त्यावर बोट पडलं की पुढचा महिनाभर रोह्यापर्यंत त्याच जाहिराती सोबतीला.

वय दिसू नये, चेहरा सैल पडू नये, आणि त्यासाठी सुरीही लागू नये, ही इच्छा काही इन्स्टाग्रामने तयार केलेली नाही. साधारण नव्वद वर्षांपूर्वी लंडनमधल्या वाचकांनाही हेच हवं होतं. आणि तेव्हा त्यांना उपाय सांगायला उभा होता सातारा भागातल्या एका छोट्याशा संस्थानाचा मराठी राजा. त्याच्याकडे क्रीम नव्हतं, मशीन नव्हतं आणि त्याला पैसेही नको होते.

नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणायचे. गाव औंध.

आज जगभर योगा क्लासमध्ये सूर्यनमस्कार घातले जातात. त्यामागे ज्या मोजक्या माणसांची खटपट आहे, त्यात या राजाचं नाव फार वर लागतं. पण त्यांनी जे सांगितलं ते कितपत खरं होतं? सूर्यनमस्कार घालून चेहरा खरंच तरुण राहतो का? त्यांचं आयुष्य बघता बघता हेही बघून घेऊ.

औंध म्हणजे नक्की कुठे?

पुण्यातलं औंध वेगळं. हे औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. यमाई देवीचं गाव. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात प्रतिनिधी हे पद तयार झालं आणि त्याच घराण्याकडे पुढे औंधची जहागीर आली. ब्रिटिशांच्या काळात हे एक संस्थान होतं. गावं फक्त ७२, तीही सलग नाहीत. थोडी औंधभोवती, थोडी आटपाडीकडे, थोडी कुंडलकडे, काही तर थेट विजापूरकडे. पावसाचा कायम तुटवडा. बडोदा किंवा ग्वाल्हेरशी तुलना केली तर औंध म्हणजे अगदीच गरीब घर.

या घरात २४ ऑक्टोबर १८६८ ला भवानरावांचा जन्म झाला. ते धाकटे. गादीवर बसायचं असं काही ठरलेलं नव्हतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शिकून ते बी. ए. झाले. त्या काळात संस्थानिकाच्या मुलाने पदवी घेणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. त्यांना चित्रं काढायचा नाद होता, कीर्तनाची आवड होती. घराण्यात बऱ्याच उलथापालथी झाल्या आणि १९०९ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, गादी त्यांच्याकडे आली.

पण आपल्या गोष्टीची सुरुवात त्याच्या बारा वर्षं आधी होते. एका जर्मन पहिलवानापासून.

राजाने आधी परदेशी जिम लावली होती

युजेन सँडो हे नाव बॉडीबिल्डिंग करणाऱ्यांना माहीत असेल. जन्म १८६७ चा, म्हणजे भवानरावांच्याच वयाचा. पिळदार शरीर स्टेजवर दाखवून पैसे मिळवणारा हा जगातला पहिला मोठा स्टार. तो नुसतं शरीर दाखवत नव्हता, व्यायामाची पुस्तकं आणि साधनंही विकत होता. म्हणजे आजच्या फिटनेस इन्फ्लुएन्सरचा पणजोबाच. १९०४-०५ मध्ये तो भारतातही येऊन गेला आणि इथल्या तरुणांना त्याने अक्षरशः वेड लावलं.

भवानराव त्याच्याही आधी या वेडात होते. १८९७ मध्ये त्यांनी सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि पुढची दहा वर्षं नेमाने त्याच पद्धतीने व्यायाम केला. म्हणजे देशी व्यायामाचा हा पुढचा प्रचारक आधी परदेशी डंबेल्सचा भक्त होता.

मग हे बदललं कसं? मिरजेचे संस्थानिक त्यांचे स्नेही होते. त्यांच्या सांगण्यावरून भवानरावांनी १९०८ च्या सुमारास सूर्यनमस्कार नेमाने घालायला सुरुवात केली. सूर्यनमस्कार काही त्यांनी शोधलेले नाहीत. महाराष्ट्रात तालमीत आणि घराघरात ते आधीपासून होते. समर्थ रामदासांशी त्यांचं नातं सांगणारी परंपराही आहे. पण बहुतेक घरांत ते व्रत म्हणून घातले जायचे. भवानरावांनी त्यांच्याकडे व्यायामाची एक पूर्ण पद्धत म्हणून बघितलं.

सँडोची दहा वर्षं केलेल्या माणसाला एक हिशोब लगेच कळला. डंबेल्सला पैसे लागतात, जागा लागते. सूर्यनमस्काराला अंगाएवढी जमीन पुरते. संस्थान गरीब. प्रजेला व्यायाम लावायचा असेल तर तो फुकट असायला हवा, बायकांना घरात करता यायला हवा आणि शाळेच्या व्हरांड्यात पन्नास पोरांना एकदम शिकवता यायला हवा. या तिन्ही अटींत सूर्यनमस्कार बसत होते.

त्याच वेळी युरोपात काय चाललं होतं?

भवानराव औंधच्या वाड्यात पहाटे नमस्कार घालत होते, तेव्हा पैसेवाल्या जगात तरुण दिसण्यासाठी काय काय उद्योग चालले होते ते बघितलं की राजाच्या उपायाची किंमत कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला युरोपात चेहऱ्यात पातळ केलेलं पॅराफिन मेण टोचायची टूम निघाली. खड्डे भरायचे, सुरकुत्या उठवायच्या. म्हणजे आजच्या फिलरचाच आजोबा. फरक एवढाच की मेण जागेवर राहायचं नाही. ग्लॅडिस डीकन ही त्या काळातली नावाजलेली सुंदर बाई, पुढे मार्लबरोची डचेस झाली. तिने नाकाचा आकार सुधारायला मेण टोचून घेतलं. ते मेण हळूहळू खाली उतरलं आणि तिचा चेहरा कायमचा बिघडला.

१९०१ मध्ये बर्लिनच्या युजेन होलेंडर या सर्जनने चेहऱ्याची कातडी कापून ताणली. फेसलिफ्टच्या इतिहासात पहिल्या काही शस्त्रक्रियांमध्ये ती मोजली जाते.

१९२० मध्ये पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ या डॉक्टरने माकडाच्या वृषणाचे तुकडे माणसात बसवायला सुरुवात केली. याने म्हातारपण मागे हटतं असा त्याचा दावा. श्रीमंतांची रांग लागली. काही वर्षांत या दाव्यात दम नाही हे उघड झालं.

आणि १९३३ मध्ये फ्रान्समध्ये चक्क रेडियम आणि थोरियम घातलेली चेहऱ्याची क्रीम बाजारात आली. किरणोत्सर्गी क्रीम, तोंडाला लावायला!

तरुण चेहऱ्यासाठी लोक काय वाट्टेल ते करायला तयार होते. आता अशा बाजारात एक सत्तरीला टेकलेला, ताठ चालणारा हिंदुस्थानी राजा येतो आणि रोज पहाटे उठून वाका, ताणा, श्वास घ्या एवढंच सांगतो. लोकांनी त्याच्याकडे वळून बघितलं यात नवल नाही.

औंध ते लंडन

त्याआधी राजाने घरचं काम पुरं केलं होतं. स्वतः, राणीसाहेब, मुलं, दरबारातली माणसं, सगळे नमस्कार घालायचे. संस्थानच्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू झाले. हळूहळू औंधच्या बाहेरच्या शाळांमध्येही ते पोचले. त्यांनी मराठीत लिहिलं, व्याख्यानं दिली. कीर्तनाची सवय असल्याने लोकांना धरून कसं ठेवायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

१९२८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य हे तीन शब्द थेट त्याच्या नावातच होते.

त्यांची पद्धत दहा अंकांची होती. आज बहुतेक योगा क्लासमध्ये बारा स्थिती शिकवतात, पण पंतांचे नमस्कार दहा स्थितींचे. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, गुडघे कुठे, नजर कुठे, हे सगळं मोजून-मापून सांगितलेलं. सोबत बीजमंत्रांचा उच्चार, कारण त्यांच्या मते त्या ध्वनींचाही शरीराला उपयोग होता. आपल्या विषयाशी जवळची गोष्ट म्हणजे यात गळ्याला चांगलाच व्यायाम आहे. एका स्थितीत हनुवटी छातीकडे दाबायची, दुसरीत मान मागे नेऊन गळ्याची पुढची बाजू पूर्ण ताणायची. हे रोज, कितीतरी वेळा.

नुसते नमस्कार घालून भागत नाही हेही ते सांगायचे. हातसडीचा तांदूळ, कोंड्यासकट पीठ, दूध, फळं, भाज्या. चहा-कॉफीला मात्र विरोध. आता यातला चहाचा भाग तेव्हाही किती जणांनी पाळला असेल देव जाणे.

१९३६ मध्ये भवानराव इंग्लंडला गेले. तिथे न्यूज क्रॉनिकल या मोठ्या दैनिकात लुईस मॉर्गन ही पत्रकार काम करायची. राजा-राणीच्या तब्येतीने तिचं कुतूहल चाळवलं. वय झालेला राजा, अनेक मुलांची आई असलेली राणी आणि दोघांच्या अंगात असलेली चपळाई. तिने सूर्यनमस्कारावर लेख लिहिले. १९३८ मध्ये तिनेच संपादन केलेलं राजाचं पुस्तक लंडनच्या डेंट या प्रकाशनसंस्थेने काढलं. ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’, म्हणजे आपले तेच दहा अंक.

एका गोष्टीची नोंद घेतलीच पाहिजे. परदेशी वाचकांसाठी हे पुस्तक म्हणजे तारुण्य टिकवण्याचा उपाय होता आणि त्यात बायकांचा वाचकवर्ग डोळ्यांसमोर होता. गावच्या शाळेतल्या पोरांसाठी आणलेला व्यायाम लंडनमध्ये जाऊन सौंदर्याचा उपाय झाला.

तेव्हाच आणखी एक प्रयोग गाजत होता

ज्या वर्षी हे पुस्तक आलं, त्याच १९३८ मध्ये भारतात एका वेगळ्याच उपचाराची चर्चा होती. बनारस हिंदू विद्यापीठाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांनी पंचाहत्तरी ओलांडल्यावर एका तपस्वीबाबांकडून कायाकल्प करून घेतला. बंद, अंधाऱ्या कुटीत कित्येक दिवस राहायचं आणि औषध व दूध घ्यायचं असा तो विधी. बाहेर आल्यावर त्यांच्या सुरकुत्या कमी झाल्या, ते तरुण दिसू लागले, अशा बातम्या छापून आल्या. देशभर खळबळ उडाली. पण तो परिणाम टिकला नाही.

एकाच वर्षातले हे दोन उपाय. एकात काही दिवस सगळं सोडून बंद खोलीत बसायचं आणि नवा होऊन बाहेर यायचं. दुसऱ्यात मरेपर्यंत रोज पहाटे घाम गाळायचा. जाहिरातीत कोणता जास्त चालेल हे वेगळं सांगायला नको.

मग राजाचं खरं होतं का?

आता मुद्द्याचं. चेहऱ्याची आणि गळ्याची कातडी सैल का पडते?

त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन नावाचे दोर असतात, ते त्वचेला बळकटी देतात. इलॅस्टिन नावाचे धागे असतात, ते ताणलेली त्वचा परत जागेवर आणतात. विशी-पंचविशीनंतर कोलॅजन हळूहळू कमी व्हायला लागतं. बायकांमध्ये पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते झपाट्याने घटतं. त्यात चेहऱ्यातली चरबी खाली सरकते, जबड्याचं हाड थोडं झिजतं, गळ्याचा पातळ स्नायू सैल होतो. म्हणजे नुसती चादर सैल झालेली नसते, खालची गादीही खचलेली असते.

यावर व्यायामाने काही होतं का? भवानरावांच्या काळात हे तपासायची सोय नव्हती. आता थोडीफार आहे. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात पासष्टीच्या पुढच्या, व्यायाम न करणाऱ्या लोकांना तीन महिने व्यायाम करायला लावला. त्यांच्या त्वचेचे नमुने तपासले तर ते आधीपेक्षा तरुण त्वचेसारखे दिसले. जपानमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यमवयीन बायकांनी १६ आठवडे व्यायाम केला. त्वचेची लवचिकता सुधारली आणि वजन उचलणाऱ्या गटात तर आतला थर जाडही झाला.

आणि फक्त चेहऱ्याच्या व्यायामाचं काय? अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०१८ मध्ये ४० ते ६५ वयाच्या बायकांना २० आठवडे चेहऱ्याचे व्यायाम करायला सांगितले. शेवटपर्यंत टिकल्या फक्त १६ जणी. फोटो बघून डॉक्टरांनी अंदाज केलेलं त्यांचं वय सरासरी सुमारे पावणेतीन वर्षांनी कमी आलं. गाल थोडे भरल्यासारखे दिसले. गळ्यात विशेष फरक पडला नाही.

हे सगळे अभ्यास लहान आहेत. त्यावरून लोंबलेला गळा नमस्कारांनी वर जातो असं कुणी म्हणत असेल तर ती थाप आहे. पण नियमित व्यायामाचा त्वचेवर परिणाम होतो, हे राजाचं म्हणणं पूर्ण हवेतलंही नव्हतं. नमस्कारांनी जवळपास सगळेच आजार पळतात असं जे त्यांना वाटायचं, ते मात्र त्यांच्या उत्साहाच्या खात्यात टाकायला हवं.

सूर्याला नमस्कार, पण लांबून

यात एक गंमत आहे. चेहऱ्याची कातडी सैल करणारा सगळ्यात मोठा बाहेरचा शत्रू म्हणजे स्वतः सूर्य! उन्हातली अतिनील किरणं त्वचेत खोल जातात आणि कोलॅजन-इलॅस्टिनची मोडतोड करतात.

अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो २०१२ मध्ये डॉक्टरांच्या एका नामांकित नियतकालिकात छापून आला होता. वय ६९, त्यातली २८ वर्षं ट्रक चालवण्यात गेलेली. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. खिडकीच्या बाजूचा डावा गाल लोंबलेला, खोल सुरकुत्यांचा, आणि उजवा मात्र कितीतरी तरुण. माणूस एकच, चेहऱ्याचे दोन भाग दोन वयांचे. पेणवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा हायवेवर रोज गाडी मारणाऱ्या आपल्या ड्रायव्हरदादांच्या बाबतीत ती बाजू उजवी असणार, एवढाच फरक.

पेणमध्ये गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या मावशी, मिठागरावर राबणारी माणसं, रोह्याकडे भरदुपारी भातलावणी करणाऱ्या बायका यांचा चेहरा लवकर रापतो तो याच कारणाने. त्यात त्यांची हयगय काही नसते. आणि काळीसावळी त्वचा उन्हाला गोऱ्या त्वचेपेक्षा कमी दाद देते, म्हणून आपल्याकडे सुरकुत्या थोड्या उशिरा येतात. पण येतातच.

भवानराव नमस्कार पहाटे घालायला सांगायचे. त्यामागचं कारण वेगळं असलं तरी कोवळ्या उन्हात अतिनील किरणांचा मारा कमी असतो, हा फायदा त्यात आपसूक मिळतो. भर दुपारी गच्चीवर जाऊन १०८ नमस्कार घालून रील काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि ती मशीन्स?

राजाच्या काळी नव्हती, आज आहेत, तर थोडक्यात समजून घेऊ. रेडिओफ्रिक्वेन्सी मशीन त्वचेच्या आतला थर तापवतं. हायफू म्हणजे अल्ट्रासाऊंडच्या लहरी एका ठरावीक खोलीवर एकवटून तिथे बारीक बारीक भाजल्याचे ठिपके तयार करतात. दोन्हींचा गाभा एकच. आत मोजून-मापून इजा करायची, म्हणजे ती भरून काढायला शरीर नवं कोलॅजन तयार करतं. त्यामुळे परिणाम लगेच पूर्ण दिसत नाही, दोन-तीन महिने किंवा जास्तही लागतात. थोडी सैल त्वचा असेल तर फरक पडतो. खूप लोंबत असेल तर मशीनने फारसं काही होत नाही आणि झालेला फरकही कायमचा राहत नाही.

बोटॉक्सबद्दल एक गैरसमज असतो. ते त्वचा घट्ट करत नाही, स्नायू काही महिने ढिला ठेवतं, म्हणून आठी दिसत नाही. फिलर खड्डा भरतो. आणि आपल्या रंगाच्या त्वचेवर लेझर चुकीच्या हातात गेलं तर काळे डाग पडू शकतात. करायचंच असेल तर त्वचारोगाची पदवी असलेल्या डॉक्टरकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा. त्यासाठी पनवेल गाठावं लागलं तरी चालेल. पार्लरमधल्या ऑफरवर चेहरा लावू नका.

यातलं सगळ्यात स्वस्त आणि भक्कम काय? उन्हापासून बचाव, सनस्क्रीन, तंबाखू-सिगारेट बंद, पुरेशी झोप. आणि डॉक्टरांना विचारून रात्री रेटिनॉइडचं मलम, गरोदरपण सोडून.

राजाला चेहऱ्यापेक्षा मोठं काहीतरी करायचं होतं

भवानराव एवढ्यावरच थांबले असते तर आज आपण त्यांना फिटनेसवेडा राजा म्हणून विसरून गेलो असतो.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती. बेळगावातून त्यांना उठावं लागलं होतं. भवानरावांनी कुंडलजवळचा माळ दिला. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने पुढे काही दशकं खपून काढली. त्या कामाच्या मुळाशी भवानरावांचा आग्रह आणि त्यांनी देऊ केलेले एक लाख रुपये होते. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर काही काळ औंधच्या शाळेत शिकले. वेदांचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधमध्ये आसरा दिला. सातवळेकरही व्यायामाचे आणि नमस्कारांचे पुरस्कर्ते, आणि ते वयाची शंभर वर्षं पूर्ण करून १९६८ मध्ये गेले.

त्यांनी जमवलेल्या चित्रा-शिल्पांचं भवानी संग्रहालय आजही औंधच्या डोंगरावर आहे. राजा रविवर्मांच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत बरंच काही तिथे बघायला मिळतं. मुंबईहून जाऊन बघण्यासारखं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट १९३८-३९ ची. लंडनमध्ये त्यांचं तारुण्याचं पुस्तक विकलं जात होतं त्याच सुमाराला, सत्तरीच्या या राजाने आपला सगळा अधिकार प्रजेला देऊन टाकायचं ठरवलं. त्यांचा मुलगा अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेला मॉरिस फ्रीडमन हा इंजिनिअर महात्मा गांधींकडे गेले. गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावाची पंचायत पाया धरून कारभार चालवायचा असा तो प्रयोग. इतर संस्थानिक आपली गादी सांभाळायला धडपडत असताना औंधच्या राजाने ती हाताने बाजूला ठेवली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत, कुटुंबासह राहू देणारी वसाहतही याच संस्थानात सुरू झाली.

मार्च १९४८ मध्ये औंध भारतात विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ ला, ८२ व्या वर्षी, भवानराव गेले. आयुष्यभर ज्याच्या पद्धतीने त्यांनी सुरुवात केली तो सँडो अठ्ठावन्नाव्या वर्षीच गेला होता. एका माणसाच्या आयुष्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण गावाकडे लोक ही तुलना करणारच.

अप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे मोठे राजदूत झाले. जिथे जातील तिथे तेही सूर्यनमस्कार शिकवत राहिले आणि १९७० मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. राजाला पहाटेचा वेळ होता, दूध होतं, उन्हात राबायची सक्ती नव्हती. मिठागरावरच्या बाईला सकाळी सहाला नमस्कार घाल असं सांगणं सोपं आहे, तिचा दिवस तोवर सुरू होऊन तास झालेला असतो. ही अडचण मशीनच्या जाहिरातीलाही आहे आणि राजाच्या पुस्तकालाही. पण राजाचा उपाय तिला परवडत नाही असं तरी नाही. त्याला अंगाएवढी जागा लागते आणि दहा मिनिटं. चेहरा किती घट्ट होईल याची हमी नाही, पण गुडघे, पाठ, दम आणि झोप यात फरक पडतो. आणि त्याचा हप्ता भरावा लागत नाही.